दुसऱ्या हाताची गाठ

४ फेब्रुवारी

सूनबाई,

पत्र पुरतं वाचायचं नसेल तर नको वाचूस, पण एवढं एक सांग. तो बंदरावर कामाला गेला तेव्हा मी विणलेला निळा गालिचा त्यानं बरोबर नेला होता ना? की तू माहेरी गेलीस तेव्हा तुझ्या सामानात आला? नीट आठवून सांग. अंदाजानं नको.

आता हे मधेच काय काढलं, असं वाटेल तुला. आमच्या गालिच्यांच्या कारखान्यात मालकीणबाईंना जुन्या नक्ष्या पुन्हा काढायच्या आहेत, म्हणून माझे गालिचे कुठे कुठे गेले ते बघतेय. एवढंच.

वकिलाचा कागद मिळाला. ‘माझा मुलगा सात वर्षांपासून बेपत्ता असून तो हयात असल्याची कोणतीही खबर मला नाही.’ खाली माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारलेली. पाकिटात दुसरं काही नव्हतं, तुझ्या हातची दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. असू दे. बोलणं बंद आहे ते तुझ्याकडूनही आणि माझ्याकडूनही.

औषधवाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. माणूस शांत आहे, दुकान स्वतःचं आहे आणि आपली पोर खारूताई त्याच्या काउंटरवर बसून गोळ्यांच्या रिकाम्या डब्या रचते म्हणे. हा कागद कोर्टात गेला की तुमचं लग्न होऊ शकेल, हेही मला कळतं. मी सही करणार नाही असं अजिबात नाही. फक्त महिनाभर थांबा. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय. न बघता सही कशी करायची?

खारूताईचे पुढचे दात पडले का? मला उगाच वाटत राहतं की पडले असतील.

१३ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. ‘त्यानंच नेला. सुतळीनं बांधून खांद्यावर टाकला होता. का?’

वाचलं आणि हातमागासमोरच्या फळीवर मटकन बसले. शेजारच्या मागावरची काकू म्हणाली, “काय गं, चक्कर आली?” मी म्हटलं, “नाही, पाय भरून आले.” आता तुला तरी खरं सांगते. नक्ष्या-बिक्ष्या काही काढायच्या नाहीत, आणि चष्मा माझ्या नाकावरच आहे.

मागच्या महिन्यात एक दातांची डॉक्टरीण कारखान्यात आली. काखेत गुंडाळी. “मावशी, याची झालर सुटत चाललीय, दुरुस्त होईल का?” म्हणत तिनं ती टेबलावर सोडली. गालिचा उलगडत गेला आणि मी टेबलाजवळ सरकले.

काठाला वाहतं पाणी होतं, निळ्यावर पांढरं, नागमोडी. घर सोडून जाणाऱ्यासाठी विणताना आम्ही काठाला पाणी घालतो. त्याची वाट अडू नये, आणि पाणी जसं फिरून त्याच काठाला येतं तसं त्यानंही यावं. त्याच्या आतल्या पट्टीत विंचू. विंचू विणला की खरा विंचू अंथरुणाजवळ येत नाही, असं माझ्या आईनं मला शिकवलं. मधोमध मेंढ्याची शिंगं, घरातल्या कर्त्या पुरुषाची. आणि चारी कोपऱ्यांत एकेक डोळा, नजर लागू नये म्हणून.

तू म्हणशील, हीच नक्षी शंभर बायका विणतात. विणतात. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं. पण उजवं शिंग डाव्यापेक्षा फिकं आहे. तुझे सासरे शेवटच्या दुखण्यात होते तेव्हाची ती लोकर. त्यांच्यानं नीट ढवळवत नव्हतं, निळीचा रंग पातळ उतरला, आणि ते म्हणाले, “फेकून दे, पुन्हा रंगवू.” मी फेकली नाही. त्यांच्या हातचा तो शेवटचा घाणा होता. दुसऱ्या कोणाच्या गालिच्यात ते शिंग असणार कसं?

डॉक्टरीणबाईंना मी “कुठे मिळाला हो?” एवढंच विचारलं. बंदराच्या गावात जुन्या सामानाचं दुकान आहे, तिथे, म्हणाल्या. माणसाच्या अंगाखालचा गालिचा जुन्या बाजारात कधी येतो? मधोमध एक मोठा तपकिरी डाग आहे. मी चिंधी ओली करून दाबून बघितला. रंग चिंधीवर आला, तिला चहाचा वास होता. चहाच आहे. मी स्वतःला दहादा सांगितलं की चहाच आहे, आणि अकराव्यांदा पुन्हा वास घेतला.

तू माहेरी जाईपर्यंत आपण याच्यावरूनच भांडलो. तू म्हणायचीस तो सोडून गेला. मी म्हणायचे त्याचं काहीतरी बरंवाईट झालंय. एकदा तू म्हणालीस, “आई, तुम्हाला तो मेलेला चालेल, पण वाईट निघालेला चालणार नाही.” आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन निघून गेलीस.

रविवारी सुट्टी आहे. मी त्या दुकानात जाऊन येते. तोवर औषधवाल्याला काही सांगू नकोस.

बाकी गालिचा चांगल्या अवस्थेत आहे. डाव्या कोपऱ्यात कोणीतरी थोडी दुरुस्ती केलीय, पण त्यात विशेष काही नाही.

१९ फेब्रुवारी

तो जिवंत आहे.

दुसरी कुठलीही ओळ आधी लिहायला हात धजेना, म्हणून हीच आधी लिहिली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, खुर्च्यांवर खुर्च्या रचलेल्या, आत जायला अंग चोरावं लागतं. दुकानदार जाडगेला आणि बोलका. मी गालिच्याचं वर्णन केलं तसा म्हणाला, “तो निळा? हो हो. तो मी स्वतः जाऊन उचलून आणला. पुलापलीकडे लोखंडी जिन्याचं घर आहे, वरचा मजला. गुंडाळी खाली उतरवताना घरातल्या माणसानं एक टोक धरलं होतं.”

“कसा होता माणूस?”

“कसा म्हणजे? माणसासारखा. उंच. मान जरा एका बाजूला कललेली, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी.”

तुला माहीत आहे ना ती मान. पाचवीत असताना झाडावरून पडला तेव्हापासूनची.

मी विचारलं, “विकला कशाला?” तर हसला. “त्यांच्या पोराला लोकरीनं शिंका येतात हो. गालिच्यावर ठेवलं की सुरू.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आजी, पाणी देऊ का?” मी पाणी प्यायले. आणि घरी आले. लोखंडी जिन्याकडे गेले नाही. पाय वळलेच नाहीत.

‘त्यांच्या पोराला’ असं तो म्हणाला खरं, पण दुकानदार काय, दहा घरं फिरतो, एकाचं दुसऱ्याला चिकटवत असेल. एखादं भाड्यानं राहणारं कुटुंब असेल. हा तिथे नुसता मदतीला गेला असेल. तू लगेच काही ठरवू नकोस. आणि वकिलाचा तो कागद आता मला करता येणार नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खबर नाही असं कसं लिहू? खबर आहे.

२७ फेब्रुवारी

कारखान्याच्या फोनवर तू फोन करशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. सगळ्या जणी ऐकत होत्या म्हणून मी “हो, हो, बरं” एवढंच करत राहिले, आणि तू तिकडे चिडत गेलीस. “आई, तुम्ही काहीतरी लपवताय. तुमचा आवाज मला कळतो.” कळतो खरा. सात वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केलाय आपण.

तर आता डाव्या कोपऱ्याचं ऐक.

तिथे वीतभर जागा उंदरानं कुरतडली असावी. ताण्याचे उभे धागे पुन्हा भरून त्यावर नव्यानं गाठी मारल्यात. आमच्याकडची गाठ ताण्याच्या दोन्ही धाग्यांना मिठी मारते. ही एकालाच वेढा घालते आणि दुसऱ्याच्या मागून निघून जाते. वेगळ्या मुलखाची गाठ आहे, वेगळ्या बाईच्या हातची. पण हात कसलेला. मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर कुठे उंचवटा लागत नाही.

भोक बुजवणारी माणसं असतं तेच पुढे चालवतात. माझा डोळा होता, तर डोळाच विणायचा. हिनं डोळा विणला नाही. हिनं कानातला डूल विणलाय. लांबट, खाली तीन थेंब लोंबणारा. डूल नवी नवरी विणते. आणि त्याच्याखाली, काठाच्या पाण्याला जवळजवळ चिकटून, कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी असलेली बाई. तिच्या पोटात एक लहानसा चौकोन, लाल. ती बाई कधी विणतात हे तुला सांगायला नको. खारूताईच्या वेळी तू माझ्याशेजारी बसून पहिल्यांदा तीच विणायला शिकलीस, आणि तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला म्हणून आपण किती हसलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी गालिचा टेबलावर टाकला त्या दिवशीच मी हे पाहिलं होतं. फिकं शिंग दिसायच्या आधी. तरी तुला आधी शिंगाचं लिहिलं.

मालकीणबाईंना मी आडून विचारलं. म्हटलं, एखादी बाई नुसती शोभेसाठी डूल घालेल का हो? त्या म्हणाल्या, “का नाही? आजकाल कोणाला अर्थ ठाऊक असतात? पुस्तकात बघतात, आवडलं की घालतात. नक्षी ती नक्षी.” मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी दोन ओळी जास्त विणल्या. मग काकूनं कोपरा पाहिला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हाच मला कळून चुकलं.

आता नुसत्या नक्षीवरून मी कोणाच्या संसाराबद्दल बोलणार नाही. येत्या शनिवारी जाते आणि डोळ्यांनी बघून येते. जेवण जात नाही. विणताना गाठी मोजायला विसरते, परवा विंचवाला एक नांगी जास्त झाली, सगळं उसवावं लागलं.

तू म्हणालीस, “मी येऊ का तुमच्याबरोबर?” नको. तू पोरीजवळ राहा. तिथे जे असेल ते आधी माझ्या अंगावर येऊ दे.

५ मार्च

जाऊन आले. क्रमानं सांगते, नाहीतर पुन्हा काहीतरी मागेपुढे करीन.

लोखंडी जिना चढताना खूप वाजतो. मी दारापर्यंत पोचायच्या आधीच दार उघडलं होतं. तिशीची बाई, केस बांधलेले, ओठांत लोकरीचा धागा धरलेला. तिच्यामागे खिडकीशी उभा माग. मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन, पण माझी नजर आधी मागावर गेली आणि तिची माझ्या बोटांवर.

“तुम्ही विणता,” ती म्हणाली.

“हो. डाव्या कोपऱ्यातला डूल तू घातलास का? निळ्या गालिच्यात?”

तिनं धागा तोंडातून काढला. “उंदरानं खाल्लं होतं. रिकामं कसं ठेवायचं? तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून डूल. खालची बाई नंतर, मूल राहिल्यावर.” मग अगदी सहज म्हणाली, “ज्यांनी तो विणला त्यांची गाठ फार घट्ट. कडेच्या सोडवताना माझी दोन नखं गेली. तुम्हाला कसं माहीत?”

“मीच विणला. मी त्याची आई.”

ती हसली. खरंच हसली, मी थट्टा करतेय असं वाटून. “त्यांच्या आई नाहीत. लहानपणीच गेल्या.”

सूनबाई, मला सात वर्षं वाटत होतं की तो मेला असेल, आणि इकडे मेले होते मी. मी जिन्याचा कठडा धरला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझी हनुवटी त्याच्यासारखी आहे, ते तिला तेव्हा दिसलं असावं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “आत या,” म्हणाली. “बसा. आधी बसा.”

पाळण्यात दीड-दोन वर्षांचा मुलगा झोपला होता. नाक लाल. खोलीभर लोकर, शिंका येणार नाहीत तर काय होईल? मी पाळण्याजवळ गेले नाही. जायचं होतं, पण गेले नाही.

तिनं विचारलं, “आणखी कोण आहे? खरं सांगा.”

मी तिला तुझं सांगितलं. खारूताईचं सांगितलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. रडली नाही. “किती वर्षांची?” “आठ.” “तिला माहीत आहे तिचे वडील कुठे आहेत?” “आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं,” मी म्हटलं.

तेवढ्यात जिना वाजला. मला त्याची पावलं कळली गं. शाळेतून यायचा तेव्हाही तो शेवटच्या दोन पायऱ्या एकदम चढायचा. तो दारात आला, हातात बटाट्यांची पिशवी, मान कललेली. मला पाहिलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली, पडू नये म्हणून दाराला टेकवली. एवढं सुचलं त्याला.

“आई, तू इथं कशी?”

“गालिच्यावरून.”

मग तो म्हणाला, बंदरावरचं काम सहा महिन्यांत सुटलं, लाज वाटली, पुढच्या महिन्यात लिहू म्हणता म्हणता राहिलं, मग तोंड दाखवायची हिंमतच उरली नाही. सगळं एका सुरात बोलला, पाठ केल्यासारखं. मी विचारलं, “मला मारलंस कशाला?” खाली बघत म्हणाला, “तू असतीस तर मला परत यावं लागलं असतं.”

याच्यावर आई काय बोलणार? मला वाटलं होतं मी त्याला थोबाडीत मारीन, किंवा गळ्यात पडून रडेन. दोन्ही झालं नाही. माझ्या मनात तुझं तेच वाक्य घुमत होतं, तुम्हाला तो वाईट निघालेला चालणार नाही. चालत नाहीच. पण आहे तो आहे.

निघताना तो जिन्यापर्यंत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “खारूताईच्या आईला एवढ्यात सांगू नकोस. मी बघतो काय करायचं ते.” मी म्हटलं, “तू सात वर्षं बघतोच आहेस. आता मी बघते.” मागून त्या मुलीचा आवाज आला, “त्यांना जाऊ दे. तू आत ये, मला बोलायचंय.” तिचं पुढे काय होईल, कोण जाणे. त्या घराची घडी मी विस्कटून आले. पण न विस्कटता मागे फिरले असते तर तुझी विस्कटलेली तशीच राहिली असती.

खाली त्याचा पत्ता लिहिलाय. घरमालकाचं नाव, मजला, सगळं. वकिलाला दे. आता मेल्याचा कागद नको, जिवंत माणसाकडून सोडवून घे स्वतःला. नोटीस त्याच दारावर पाठवा. तो टाळाटाळ करेल असं वाटलं तर मी कोर्टात येऊन सांगेन की हा माझा मुलगा आणि इथे राहतो. आईनं असं करावं का, हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारतेय. उत्तर सापडेपर्यंत थांबले तर पत्र जाणार नाही, म्हणून आधी पेटीत टाकते.

खारूताईला काय सांगायचं ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही.

२० जून

तुझं पत्र मी कारखान्यात मोठ्यानं वाचलं. माफ कर, राहवलं नाही. त्यानं सही केली, कोर्टाचं काम संपलं, हे ऐकून काकूनं गाठी ठोकायचा लोखंडी पंजा मागावर असा आपटला की मालकीणबाई धावत आल्या, काय पडलं म्हणून.

डूल विणणाऱ्या त्या मुलीनं मला एक कार्ड पाठवलंय. तो वकिलाकडे जायचं पुढे ढकलत होता, तिनंच त्याला नेलं. पुढचं तिचं अजून ठरलेलं नाही. पोराला घेऊन ती सध्या तिच्या आईकडे आहे आणि तिथे त्याच्या शिंका थांबल्यात. मी उत्तर लिहिलं. काय लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून मुलाचं नाक कशानं शेकायचं ते लिहिलं.

त्याचं स्वतःचं एक पत्र आलं. ते मी अजून फोडलेलं नाही. फोडीन. पोटचा आहे.

आता तुझं. तू लिहिलंयस की लग्न नोंदवायला तुझ्या बाजूनं दोन साक्षीदार लागतात, एक तुझा भाऊ, आणि दुसरं कोण ते सुचत नाहीये. सूनबाई, तुला चांगलं सुचलंय, फक्त मला विचारायचा धीर होत नाहीये. मला कळतं गं. औषधवाल्याच्या घरचे काय म्हणतील, लोक काय म्हणतील, मला काय वाटेल, याचा विचार करून तू अर्धं पान खोडलंयस. खोडलेलंही मी उजेडाला धरून वाचलं.

मी येते. आदल्या दिवशीच येते, म्हणजे धावपळ नको. माझ्याकडे तपकिरी साडी आहे ती बरी दिसेल का, की फार म्हातारी वाटेन? खारूताईला विचारून कळव, ती खरं सांगेल.

आणि तिथला कारकून नातं विचारेल. सहीसमोर लिहावं लागतं म्हणे. त्याची काळजी करू नकोस. मी ‘आई’ लिहून मोकळी होईन. कोणाची, ते त्यांनी शोधत बसावं.